झोपेचा काना

आमच्या धंद्यात कथा शेवटपर्यंत ऐकली गेली, तर लेखकाला जाब द्यावा लागतो.

मी गाद्यांच्या कंपनीत लेखक आहे. हे वाक्य आता मी चारचौघांत न अडखळता म्हणू शकतो. सुरुवातीला ‘एका कंपनीत लेखक आहे’ एवढंच म्हणायचो, आणि कसली कंपनी असं कुणी विचारलं की चहाचा कप तोंडाला लावायचो. कप रिकामा असला तरी.

काम साधं आहे. शोरूममध्ये गिऱ्हाईक येतं, बूट काढतं, पसंतीच्या गादीवर आडवं होतं. उशीत एक छोटा स्पीकर बसवलेला असतो, त्यातून कथा सुरू होते. कथा संपायच्या आत गिऱ्हाईक झोपलं, तर जागं झाल्यावर ते गादी घेतं. श्रेय गादीला जातं. संपेपर्यंत जागं राहिलं, तर ते बूट घालतं, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतं आणि जातं. दोष कथेला जातो.

शोरूम मात्र सुंदर आहे. दुपार कलली की मोठ्या काचांतून आणि पांढऱ्या पडद्यांतून उजेड गाळून आत येतो आणि ओळीने मांडलेल्या पलंगांवर पसरतो. अनोळखी माणसं शेजारी शेजारी झोपलेली असतात. कुणाच्या मोज्याला भोक असतं, कुणाचा हात पलंगाबाहेर लोंबत असतो, आणि किमतीच्या चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यावर हळूहळू फिरत असतात. विक्रेत्या मुली कापडी चपला घालून फिरतात. अशा वेळी जिन्यात उभं राहून बघितलं की वाटतं, सगळं शहर नांगर टाकून उभं आहे आणि आपण एकटेच त्याच्या कानाशी बोलतो आहोत. हे भाग्य इतर लेखकांना नाही. वाचक त्यांचेही झोपतात, पण आपापल्या घरी. लेखकाला कळत नाही.

मी शहरातल्या अर्ध्या लोकांना झोपवलं आहे. झोपवता आलं नाही ते एकाच माणसाला. माझ्या ताईला.

ताई मुद्रितशोधक. छापायला जायच्या आधी पुस्तकातल्या चुका काढणं, हे तिने आयुष्यभर केलं, आणि निवृत्तीनंतरही प्रकाशक घरी प्रुफं पाठवत राहिले, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिच्या कानातूनही सुटत नसे.

“‘नदी’ ऱ्हस्व म्हणालास.”

“ताई, मी बोलतोय. बोलताना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही.”

“तुला कळत नाही.”

भावोजी गेले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हापासून ताईला झोप नव्हती. नसल्यासारखी होती, असं म्हणू या. डुलकी यायची आणि दार उघडं बघून परत जायची. भावोजी लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर माणसं वर-खाली नेणाऱ्या पेट्यांशी झगडून घरी येत, गप्प जेवत, आणि अंथरुणाला पाठ टेकली की मगच त्यांना बोलावंसं वाटे. त्यावरून ताई त्यांची चेष्टा करायची, त्यांच्यासमोर आणि ते गेल्यावरही.

“एक वाक्य धड पुरं केलं नाही त्या माणसाने. ‘आज बँकेतली लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली, आत एक बाई होती, तिच्या हातात’ म्हणाला आणि घोरायला लागला. हातात काय, ते मी बघायचं.”

“मग काय बघितलंस?”

“रोज वेगळं. एकदा मांजर दिलं तिला. एकदा शिडी दिली.”

“लिफ्टमध्ये शिडी?”

“अडकली होती ना बिचारी.”

आम्ही सगळे हसायचो. मला ती तक्रार वाटायची. मी सुशिक्षित माणूस आहे. माणसं बोलतात त्याचा अर्थ त्यांनी बोललेला असतो, असं मी धरून चालतो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताईने दोनदा घेतल्या आणि बंद केल्या. गोळी घेतली की सकाळी अक्षरं पाण्यातून बघितल्यासारखी दिसतात, म्हणाली. डॉक्टर म्हणाले, “झोप आली नाही, तर दुसरं काहीतरी येईल.” काय, ते त्यांनी सांगितलं नाही. ते आमचं आम्ही बघायचं होतं.

आणि मग ते आलंच. शाळेच्या एका वाचनमालेचं पुस्तक ताईच्या हाताखालून गेलं. त्यात वाक्य होतं, ‘बाळाने आईच्या कुशीत झोप घेतली.’ छापून आलं, ‘झेप घेतली.’

काना गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा ताईच्या नजरेतून काहीतरी निसटलं होतं, आणि नेमका झोपेचा काना निसटला होता. प्रकाशक भला माणूस. त्याने फोन करून सांगितलं की वाक्य काही बिघडलेलं नाही, उलट बाळ जरा तरतरीत झालं आहे. ताईला ते जास्तच लागलं. तिने पुढची प्रुफं परत पाठवली. लाल पेन्सिली एका रबरात बांधून ओट्याच्या खणात, चमच्यांच्या मागे ठेवून दिल्या.

“हे काय?”

“पेन्सिली.”

“ते दिसतंय. इथे का?”

“झोप आली की काढीन,” ती म्हणाली. “नाही आली तर चमचे आहेतच.”

त्या दिवशी मी ठरवलं की ताईला झोपवायचं. मी दुसरं काय करणार होतो? माझ्याकडे तेवढं एकच हत्यार होतं.

लहानपणी उलटं होतं. ताई गोष्ट सांगायची आणि मी ‘हं’ म्हणायचो. मधे मधे ‘हं’ आलं पाहिजे, हा नियम होता. ‘हं’ थांबलं की ती गोष्ट तिथेच सोडून द्यायची, राक्षसाचा पाय हवेत असला तरी. माझे कित्येक राक्षस अजून एका पायावर उभे आहेत. आता दर रविवारी दुपारी मी तिच्या घरी जायचो, ती पडदा ओढून पलंगावर पडायची आणि मी खुर्चीवर बसून माझी सगळ्यात यशस्वी कथा वाचायचो. कापसाने भरलेली एक नाव कालव्यातून अतिशय सावकाश चालली आहे, एवढीच ती कथा. दोन्ही काठांना झाडं आहेत. नावाडी कुणाला काही विचारत नाही. कंपनीत या कथेचा चौथा परिच्छेद कुणीही ऐकलेला नाही.

ताईने तो चारदा ऐकला.

तिचं ‘हं’ थांबतच नसे. वर त्याच्या जाती होत्या. नुसतं ‘हं’ म्हणजे चालू दे. लांबवलेलं ‘हंऽ’ म्हणजे हे वाक्य मी असं लिहिलं नसतं. आणि वर चढणारं ‘हं?’ आलं, की मी थांबायचो.

“कापूस भिजत नाही का?”

“वर ताडपत्री आहे.”

“आधी सांगितलं नाहीस.”

“आता सांगतोय.”

“आणि शेवटी ती तीन टिंबं आहेत ना कागदावर? तुझ्या आवाजात ऐकू येतात. तीन टिंबं म्हणजे लेखकाचा आळस. वाक्य पुरं कर, नाहीतर सुरू करू नकोस.”

दर रविवारी मी कथा सुधारून न्यायचो आणि दर रविवारी ताई तिच्यात नवीन चूक काढून ताजीतवानी व्हायची. निदान तेवढ्यापुरती.

याच सुमारास आमच्या मॅनेजरबाईंना वाटलं की कथा विभागाचं लेखन सुधारलं पाहिजे. मॅनेजरबाई कर्तबगार आहेत. जे बरं चाललेलं असतं त्यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. त्यांनी सर्जनशील लेखनाची कार्यशाळा ठेवली आणि एका सरांना बोलावलं. सरांच्या कथा कुणी वाचल्या नव्हत्या, पण कथा कशी लिहावी यावरची त्यांची पुस्तकं बरीच खपली होती. फोमच्या गोदामात, ढगांसारख्या ठोकळ्यांच्या मधे आम्हाला बसवून ते म्हणाले, “पहिल्या वाक्यात वाचकाच्या मानगुटीवर बसा.”

मी म्हटलं, “सर, आमचा वाचक आडवा असतो. त्याची मानगूट उशीवर असते.”

“मग छातीवर बसा.”

ते पुढे बरंच बोलले. संघर्ष हवा. धोका हवा. प्रत्येक वाक्याने पुढच्या वाक्याची भूक लावली पाहिजे. शेवट असा हवा की वाचकाची झोप उडाली पाहिजे. हे शेवटचं ते दोनदा म्हणाले. मी मॅनेजरबाईंकडे पाहिलं. त्या मान डोलवत होत्या. फोममुळे त्या खोलीत आवाज नीट पोचत नाही.

तरी मी मन लावून शिकलो. कारण मला वाटलं, चूक माझ्यात आहे. ताईसारख्या श्रोत्याला भुसभुशीत लेखन चालत नाही. तिला घट्ट विणलेलं, निर्दोष काहीतरी द्यावं, म्हणजे तिचं मन शोधायचं थांबेल आणि झोपेल. मी नावेची कथा पुन्हा लिहिली. पहिलं वाक्य केलं, ‘नाव बुडणार हे नावाड्याला सकाळपासून ठाऊक होतं.’

शोरूममध्ये ती लावल्यावर आठवड्याभरात पलंगांवर माणसं बसलेली दिसू लागली. ताठ बसलेली. एक गृहस्थ नुसत्या मोज्यांवर काउंटरशी आले.

“तो नावाडी वाचला का?”

“सर, गादी कशी वाटली?” विक्रेतीने विचारलं.

“कुठली गादी?”

मॅनेजरबाईंनी मला बोलावून घेतलं. “लेखक, लोक गादी सोडून कथेचा पुढचा भाग मागताहेत. हे काय केलंत?”

“सुधारलो,” मी म्हटलं.

“ताबडतोब पहिल्यासारखे व्हा.”

ताईवर झालेला परिणाम मला हसण्यावारी नेता आला नाही. रविवारी तिने कथा पूर्ण ऐकली, एकदाही ‘हं’ म्हणाली नाही, आणि मी मनात म्हटलं, लागली झोप. वळून पाहिलं तर डोळे सताड उघडे. पुढच्या दोन दिवसांत तिला डुलकीसुद्धा आली नाही. तिसऱ्या दिवशी जिन्याची पायरी हुकली आणि ती घसरत खाली आली. मोडलं काही नाही. गुडघ्याला पट्टी बांधून बसली होती, मी गेलो तेव्हा.

“चांगला माणूस होता रे तो,” ती म्हणाली. “कशाला बुडवलास?”

“सरांनी सांगितलं.”

“सरांना पोहता येतं का?”

ती गुडघ्याकडे बघत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “गादीवाल्या, मी फार दमलेय.”

ताईने आयुष्यात हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं. त्यात एकही चूक नव्हती.

त्यानंतर मी रोज लिहायला लागलो. नावाड्याला पाण्याबाहेर काढलं. धोका काढला, संघर्ष काढला, झाडं परत लावली. कापूस कोरडा केला. मग ताडपत्री खटकली, म्हणून ऊन घातलं. ऊन डोळ्यांवर येईल म्हणून सायंकाळ केली. लिहून लिहून माझीच झोप हरवली. आरशात मी ताईसारखा दिसायला लागलो, आमचं नाक सारखंच आहे. शेवटी मी मॅनेजरबाईंना विचारलं की सुट्टीच्या वारी शोरूम बंद असतं, तेव्हा ताईला आणू का. दुकानातल्या सगळ्यात चांगल्या गादीवर एकदा प्रयत्न करून बघतो.

“आणा की,” त्या म्हणाल्या. “मी चिठ्ठ्या बदलायला येणारच आहे. फक्त बुडवू नका कुणाला.”

सुट्टीच्या दुपारी शोरूम मी पहिल्यांदाच रिकामं पाहिलं. पांढरे पलंग ओळीने उभे होते, वारा पडल्यावर धक्क्याला नावा उभ्या असतात तसे. पडदे हलत नव्हते. दूर काउंटरपाशी मॅनेजरबाई जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या अडकवत होत्या. आवाज येत नव्हता. ताई लंगडत मधल्या ओळीतून चालली, प्रत्येक गादीवर तळवा टेकून बघत, आणि खिडकीजवळच्या पलंगावर पडली. मी शेजारी उभा राहून घसा साफ केला.

“उभा काय राहिलास? बक्षीस समारंभ आहे का?”

“खुर्ची नाहीये इथे.”

“पलंग आहेत. दुकानच पलंगांचं आहे. आडवा हो.”

मी शेजारच्या पलंगावर आडवा झालो, कागद तोंडासमोर धरले आणि वाचायला लागलो. नाव निघाली.

“हं,” ताई म्हणाली.

काठ मागे सरकू लागले. नाव इतकी सावकाश होती की काठच घाईत असल्यासारखे वाटत होते.

“हं.”

कागद जड झाले होते. मी ते छातीवर ठेवले. कथा मला पाठच होती. नावाड्याने वल्हं वर घेतलं, कारण पाणी आता आपणहून चाललं होतं. कालवा एका घरापाशी आला आणि घराने दार उघडलं. नाव आत गेली. हे मी लिहिलेलं नव्हतं, पण थांबून खोडावं असंही वाटलं नाही. बोळातून नाव गेली, कपाटाला न घासता. स्वयंपाकघरातून गेली, तिथे ओट्याच्या खणातल्या पेन्सिली पाण्याखाली मासळ्यांसारख्या लाल दिसत होत्या.

“हं?” ताई म्हणाली. पण ते ‘हं?’ अर्ध्यातच खाली उतरलं.

मग घर संपलं आणि एक अरुंद, उंच जागा आली. तिथे पाणी वर चढत होतं आणि नाव पाण्याबरोबर वर चालली होती. पहिला मजला गेला. दुसरा गेला. प्रत्येक मजल्यावर दाराशी कुणीतरी कंदील घेऊन उभं होतं आणि नाव वर गेली की मान वर करून बघत होतं. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता, भिंतीपलीकडचं कुणीतरी बोलतंय तसा. मी सांगत होतो, की नाव तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये थांबली, अगदी अलगद, आणि आत बघतात तर एक बाई होती, आणि तिच्या हातात

जागा झालो तेव्हा उजेड पडद्याच्या खालच्या काठापर्यंत उतरला होता. माझ्या अंगावर कुणीतरी चादर घातली होती. तिच्यावर किमतीची चिठ्ठी होती. कागद जमिनीवर पसरले होते. मी मान वळवली.

ताई झोपली होती. कुशीवर, तोंड थोडं उघडं, एक हात गालाखाली. डुलकी नव्हती ती. श्वास खोल जाऊन, तिथे थोडा रेंगाळून वर येत होता. मी तसाच पडून बघत राहिलो. इतक्या लोकांना झोपवलं, पण कुणाकडे असं बघितलं नव्हतं.

मॅनेजरबाई कापडी चपलांतून आल्या आणि पलंगाच्या टोकाशी बसल्या.

“आधी तुम्ही झोपलात,” त्या कुजबुजल्या. “घोरत होतात. मी उठवायला येत होते.”

“मग?”

“मग त्या बोलायला लागल्या. डोळे मिटूनच. काहीतरी बराच वेळ बोलल्या, मधेच हसल्यासुद्धा. मला वाटलं तुमच्याशी बोलताहेत, पण तुम्हाला म्हणत नव्हत्या. मग बोलता बोलता कूस वळल्या, आणि ही अशी.”

“हातात काय होतं म्हणाल्या?”

“कुणाच्या हातात?”

मी मान हलवली. मॅनेजरबाई गेल्या आणि दिवे न लावता उरलेल्या चिठ्ठ्या अडकवत राहिल्या. अंधार पडायला आला तरी ताई उठेना. आम्ही दोघं रिकाम्या दुकानात पाहुण्यांसारखे बसून राहिलो.

शेवटी ती उठली. उठून बसली, केसांवरून हात फिरवला आणि ही कुठली खोली म्हणून आजूबाजूला पाहिलं. मग मला पाहिलं.

“झोपलास तू,” ती म्हणाली. “अर्ध्या वाक्यात.”

“चुकलं.”

“नाही,” ती म्हणाली. चादरीची घडी घातली. काठाला काठ जुळवून, मोडून, परत घातली. “तो असाच सोडायचा. मी पुरं करायची, आणि मग मला झोप लागायची. मला वाटायचं, मी त्याच्यावर चिडते.”

“काय होतं तिच्या हातात?”

“तुला काय करायचंय?”

“लेखक आहे मी त्या कथेचा.”

“तू निम्म्याचा आहेस. ऐकायचं होतं तर जागं राहायचं.”

पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो, पलंगाजवळ सतरंजी टाकून आडवा झालो आणि नाव सोडली. नाव मजल्यांच्या मध्ये आल्यावर आवाज हळू केला, वाक्य तोडलं आणि डोळे मिटून जरा घोरलोसुद्धा. सरांनी शिकवलेलं सगळं त्या घोरण्यात ओतलं होतं.

“खरं झोप,” वरून ताईचा आवाज आला. “श्वास खोटा आहे.”

तेव्हापासून मी खरोखर झोपायला शिकतो आहे. अवघड आहे. स्वतःलाच आवडलेलं वाक्य आलं की माणूस जागा होतो, म्हणून मी आवडणारी वाक्यं टाळतो. काही रविवार जमत नाही. मग ताई उठून चहा करते आणि आम्ही दोघं लाल डोळ्यांनी तो पितो. पण पुष्कळदा जमतं.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी मी ताईला हात धरून दाराकडे नेत होतो. मॅनेजरबाईंनी बाहेरचा दिवा लावला आणि दारावरची मोठी पाटी उजळली. बारा महिने सगळं शहर ती पाटी वाचतं, आम्हीही वाचतो. ‘निद्रीस्त शहराचे विश्वासू दुकान.’

ताई थांबली. पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. सापडलं नाही, तेव्हा आठवलं.

“घरी राहिल्या,” ती म्हणाली. “चमच्यांमागे.” आणि मॅनेजरबाईंकडे वळून म्हणाली, “बाई, तो ‘द्रि’ ऱ्हस्व करून घ्या. झोप दीर्घ असली तरी.”